हरभऱ्यात जीसीव्ही भरपूर, मग उत्पादन का हलत नाही?

प्रश्न एका एम.एस्सी. (कृषी)च्या विद्यार्थिनीचा आहे. तिने प्रबंधासाठी हरभऱ्याचे ४० नमुने, काही प्रसारित वाण आणि काही जर्मप्लाझममधले (जपलेल्या मूळ बीजसंग्रहातले), एका रब्बीत एका प्रक्षेत्रावर तीन रेप्लिकेशनमध्ये, म्हणजे तीनदा पुन्हा पुन्हा मांडून घेतले. झाडावरचे घाटे, १०० दाण्यांचे वजन आणि झाडामागचे उत्पादन या तिन्हींत जीसीव्ही (वाणांमधला जनुकीय फरक, सरासरीच्या टक्क्यांत) २० टक्क्यांच्या वर आला, आनुवंशिकता (एकूण फरकातला जनुकीय वाटा) ६० टक्क्यांच्या वर आणि अपेक्षित जनुकीय प्रगती (निवडीने पुढच्या पिढीत अपेक्षित वाढ) ३० टक्क्यांच्या वर. तिचे विचारणे दोन आहे: यावरून थेट उत्पादनावर निवड करून नवा वाण निघेल का, आणि एवढी विविधता हाताशी असताना राज्याची सरासरी अजून हेक्टरी दहा-अकरा क्विंटलांच्या आसपास का घुटमळते?

पहिल्या प्रश्नाचे उत्तर 'नाही' असे आहे. त्यामागचा हिशेब तुम्हाला व्हायव्हातही उपयोगी पडेल, म्हणून तो आधी मांडतो.

समजा विश्लेषणात झाडामागच्या उत्पादनासाठी वाणांचा मीन स्क्वेअर ६६ आला, एररचा १२ आणि सरासरी २० ग्रॅम. जनुकीय व्हेरियन्स म्हणजे ६६ मधून १२ वजा आणि भागिले ३ रेप्लिकेशन, म्हणजे १८. त्यात एररचे १२ मिळवले की फिनोटिपिक, म्हणजे शेतात दिसणारा एकूण, व्हेरियन्स ३०. आनुवंशिकता ६० टक्के, जीसीव्ही २१, पीसीव्ही (तोच हिशेब एकूण फरकावर) २७. पाच टक्के निवड धरून प्रगती २.०६ × ०.६० × ५.४८ (३० चे वर्गमूळ), म्हणजे ६.८ ग्रॅम, सरासरीच्या ३४ टक्के. तुमचा तक्ता साधारण असाच दिसत असणार.

आता तो १८ नीट बघा. एका ठिकाणी, एका हंगामात घेतलेल्या प्रयोगात वाणांमधला खरा फरक आणि वाण-पर्यावरण आंतरक्रिया, म्हणजे ठिकाण-हंगामाप्रमाणे वाणांचे कमी-जास्त होणे, वेगळ्या करताच येत नाहीत. दोन्ही त्या १८ मध्येच बसलेल्या असतात. हाच संच दोन हंगाम, तीन ठिकाणी पेरला आणि त्या १८ पैकी ११ आंतरक्रियेचे निघाले, तर खरे जनुकीय उरतात ७. मग एका ठिकाणच्या निवडीतून मिळणारी प्रगती २.०६ × ७ ÷ ५.४८, म्हणजे २.६ ग्रॅम. ३४ टक्क्यांचे १३ झाले. हे आकडे उदाहरणासाठी धरलेले आहेत, पण कोरडवाहू हरभऱ्याच्या उत्पादनात आंतरक्रियेचा वाटा जनुकीय वाट्याहून मोठा निघणे हे नेहमीचेच आहे. शिवाय २.०६ हा गुणक मोठ्या समुदायासाठी असतो. चाळीसातून दोन निवडता तेव्हा तो थोडा कमीच धरायला हवा.

याहून मूलभूत गोष्ट बहुतेक प्रबंधांत सुटते. जनुकीय प्रगतीचे सूत्र निवडलेल्या झाडांच्या पुढच्या पिढीबद्दल बोलते. तुमचे नमुने मात्र शुद्ध वंश आहेत. हरभरा स्वपरागित, विजय हा वाण पेरला तर विजयच उगवणार. चाळीसातले सर्वात चांगले दोन निवडले तर हाती ते दोनच येतात, आणि ते प्रसारित वाण असतील तर त्यांचे बियाणे बाजारात आधीपासून आहेच! वाणा-वाणांतला फरक आणि एखाद्या संकरातून फुटणारा फरक या दोन वेगळ्या गोष्टी. दोन वाण सारखेच उत्पादन देणारे असले तरी ते वेगवेगळ्या जनुकांच्या जोरावर देत असतील, तर त्यांच्या संकरात भरपूर विविधता फुटते. उलट तक्त्यात लांब दिसणारे दोन वाण एकाच आजोबाचे नातू असतील, तर एफ-२, म्हणजे संकराची दुसरी पिढी, बघून निराशाच पदरी येते.

हे नात्याचे प्रकरण हरभऱ्यात फार खरे आहे. भारतात संकरातून काढलेल्या वाणांच्या वंशावळी तपासल्या गेल्या, तेव्हा पीबी ७ हा एकटा जुना पंजाबी वाण चाळीसेक टक्के वाणांचा पूर्वज निघाला आणि आघाडीच्या दहा पूर्वजांकडे एकतृतीयांशाहून जास्त जनुकीय पाया. त्याच्या मागचा इतिहासही अरुंदच आहे. लागवडीच्या हरभऱ्याचा रानटी पूर्वज, सायसर रेटिक्युलॅटम, फक्त आग्नेय तुर्कस्तानच्या एका छोट्या पट्ट्यात सापडतो. गहू-बार्लीचे रानटी भाऊबंद पश्चिम आशियाभर पसरलेले आहेत, तसे याचे नाही. त्यात तिथल्या प्राचीन शेतकऱ्यांनी अ‍ॅस्कोकायटा करपा टाळण्यासाठी हिवाळ्यातले पीक वसंतात नेले असे मानतात. त्या बदलात थंडीची गरज असलेले किती प्रकार गळाले असतील, कल्पना करा. २०२१ मध्ये इक्रिसॅट या कोरडवाहू पिकांवरच्या आंतरराष्ट्रीय संशोधन संस्थेच्या पुढाकाराने ३,३६६ नमुन्यांचे जीनोम वाचून प्रसिद्ध झाले; त्यांतले १९५ रानटी होते. त्यातही हेच दिसले की लागवडीखालच्या हरभऱ्यात एकूण विविधता रानटी प्रजातींच्या मानाने बरीच कमी आहे.

तरी इक्रिसॅटच्या, हैदराबादजवळच्या पटांचेरूच्या जीन बँकेत वीस हजारांच्या आसपास नमुने आहेत. एवढे कुणी तपासू शकत नाही, म्हणून त्यातून आधी १,९५६ नमुन्यांचा कोअर संच आणि पुढे त्यातून २११ नमुन्यांचा मिनी-कोअर काढला गेला. तुमच्या मार्गदर्शकांना पुढच्या विद्यार्थ्यासाठी विषय हवा असेल तर प्रसारित वाणांचा तोच तोच संच चाळण्यापेक्षा मिनी-कोअर मागवून आपल्या काळ्या जमिनीत कोरडवाहू पेरणे कितीतरी जास्त कामाचे.

आता उत्पादन खरोखर कशाने वाढले ते सांगतो. माझे मत स्पष्ट आहे: आपल्याकडे हरभऱ्याचे उत्पादन उत्पादनावर निवड करून जेवढे वाढले, त्याहून कितीतरी जास्त ते वाचवून वाढले. दोन गोष्टींनी. पीक ओलाव्याच्या हिशेबात बसवणे आणि मर रोग.

आपला कोरडवाहू हरभरा पावसाळ्यात जमिनीने साठवलेल्या ओलीवर येतो. पेरणी झाली की पुढे ओल घटतच जाते, आणि फेब्रुवारीत घाटे भरायच्या वेळी वरून ऊनही तापते. इथे ११५ दिवसांच्या वाणाकडे कितीही फांद्या आणि घाट्यांची क्षमता असली तरी त्याचे शेवटचे घाटे पोचटच राहणार. पण प्रक्षेत्रावर आपण काय करतो? प्रयोग वाया जाऊ नये म्हणून दोन पाणी देतो. पाणी मिळाले की उशिराचा वाण फुलत राहतो, घाटे धरत राहतो आणि तक्त्यात पहिला येतो. तोच वाण कोरडवाहू शेतात नव्वद-पंचाण्णव दिवसांच्या वाणाच्या मागे पडतो. क्रम नुसता सरकत नाही, उलटा होतो. म्हणून तुमच्या प्रयोगाला पाणी किती दिले, हे मी जीसीव्हीच्या आधी विचारेन.

कालावधीचे वैशिष्ट्य असे की त्यातला मोठा हिस्सा मोजक्या जनुकांच्या हाती आहे. आयसीसीव्ही २ हा इक्रिसॅटचा फार लवकर येणारा काबुली. त्याच्या जेजी ६२ या देशी वाणाशी केलेल्या संकरात लवकर फुलण्याचा गुण एका अप्रभावी जनुकाने चालतो असे दिसले. म्हणजे एफ-२ मध्ये तीन उशिरा, एक लवकर. अशा गुणावर एफ-२ मध्ये एकेका झाडावर निवड करता येते आणि ती टिकते. उत्पादनाच्या बाबतीत एकट्या झाडावरची निवड जवळजवळ नशिबावर असते: शेजारचे रोप मेले म्हणून ऐसपैस वाढलेले झाड आणि खरोखर चांगले झाड, वरून सारखीच दिसतात.

आंध्रचे उदाहरण घ्या. ऐंशीच्या दशकापर्यंत तिथे हरभरा फारसा नव्हता. हिवाळा छोटा आणि उबदार, त्यामुळे उत्तरेकडचे लांब मुदतीचे वाण तिथे चालत नव्हते. कमी दिवसांचे, मरप्रतिकारक देशी आणि काबुली वाण आले, १९९९ चा जेजी ११ त्यातला ठळक, आणि कर्नूल-प्रकाशमच्या काळ्या जमिनी हरभऱ्याच्या झाल्या. तिथे चाललेला काबुली केएके २ हा अकोल्याचा पीकेव्ही काबुली २ च. तिकडे पंजाब-हरियाणात सिंचन आले, गहू आला आणि हरभरा हटला. देशाचा हरभरा उत्तरेकडून मध्य आणि दक्षिण भारतात सरकला, तो या लवकर येणाऱ्या वाणांच्या पाठीवर बसून.

मर रोगाचे काम तर डोळ्यांदेखत चालते. सिक प्लॉटमध्ये, म्हणजे मुद्दाम बुरशीने भरलेल्या वाफ्यात, तपासायच्या ओळींच्या मधेमधे जेजी ६२ पेरतात. पेरणीनंतर महिनाभरात त्याची रोपे माना टाकू लागतात. पान अजून हिरवे असते, पण देठ खाली लोंबतो. पाणी कमी पडले असे नवख्याला वाटते. रोप उपटून मानेजवळ ब्लेडने उभे चिरले की मधल्या भागात काळपट तपकिरी रेघ दिसते. मुळे वरून अगदी धडधाकट असतात. जेजी ६२ पूर्ण मेला नाही, तर त्या वाफ्यातले बाकीचे सगळे आकडे फेकून द्यायचे, इतके या तपासणीत त्या एका वाणावर अवलंबून असते. गंमत म्हणजे हाच जेजी ६२ एका देठावर दोन घाटे धरण्यासाठीही प्रसिद्ध आहे. हा दोन घाट्यांचा गुण बघून दरवर्षी कुणीतरी विद्यार्थी हुरळतो. तो गुण एका जनुकाचा, आणायलाही सोपा. पण झाड आधीच ओलाव्याला मोताद असेल तर दुसरा घाटा भरायला माल कुठून येणार? मिळणारा फायदा छोटा असतो, आणि ऋतुमानाप्रमाणे सगळ्या देठांवर दोन घाटे येतातच असेही नाही.

मरीबद्दल आणखी एक. नेने आणि हावरे यांनी १९८२ मध्ये भारतातल्या या बुरशीच्या चार रेस, म्हणजे वेगवेगळ्या वाणांना मारणारे पोटप्रकार, दाखवल्या. हैदराबाद, कानपूर, गुरदासपूर आणि हिस्सार येथून. पुढे जगभरात मिळून आठ ओळखल्या गेल्या. म्हणून एका ठिकाणी प्रतिकारक ठरलेला वाण दुसरीकडे मरू शकतो, आणि वाणाच्या माहितीपत्रकातला 'मरप्रतिकारक' हा शब्द ठिकाणाशिवाय अर्धाच. डब्ल्यूआर ३१५ हा जुना, भरवशाचा स्रोत. मार्करच्या, म्हणजे जनुकाशेजारच्या डीएनए-खुणेच्या, मदतीने त्याची प्रतिकारक्षमता अन्निगेरी १ मध्ये घालून सुपर अन्निगेरी १ तयार झाला. तसेच आयसीसी ४९५८ च्या खोल मुळांशी निगडित असलेला गुणसूत्राचा तुकडा पुसा ३७२ मध्ये घालून पुसा १०२१६ काढला. हे दोन्ही वाण नवे 'जास्त घाटे' शोधून आलेले नाहीत. चालता वाण घेतला आणि त्याची एकेक खोट बुजवली.

कोरडी मूळकूज मात्र वाढत चालली आहे, तापमान चढले आणि ओल तुटली की विशेष, आणि मरीसारखा पक्का प्रतिकारक स्रोत तिच्यासाठी नाही. घाटेअळीचेही तसेच: आयसीसी ५०६ ईबी सारखे थोडे सोसणारे नमुने आहेत, पानांवरच्या आंबेतले, म्हणजे तिथे सुटणाऱ्या आंबट द्रवातले, ऑक्झॅलिक आम्ल अळीची वाढ रोखते, पण फवारणी थांबवण्याइतके काही नाही.

तुमच्या तक्त्यातल्या दोन गोष्टींवर बोट ठेवतो. १०० दाण्यांच्या वजनाचा जीसीव्ही आणि आनुवंशिकता दोन्ही जास्त आली असेल, तर त्यावर विश्वास ठेवा. हा गुण हंगाम बदलला तरी फारसा हलत नाही. एकाच संचात बारीक देशी आणि काबुली घेतल्यामुळे तो फुगलेला असेल एवढेच. पण टपोरा दाणा म्हणजे जास्त उत्पादन नव्हे. दाणा वाढतो तसे घाटे कमी होतात. टपोऱ्या दाण्याला बाजारात भाव मिळतो, हे वेगळे आणि महत्त्वाचे कारण आहे, आणि त्याची किंमत बियाण्यात मोजावी लागते: विजयसाठी हेक्टरी ६५ ते ७० किलो, दिग्विजय आणि विशालसाठी १०० किलो आणि कृपासारख्या अतिटपोऱ्या काबुलीसाठी १२५ ते १३० किलो अशी शिफारस आहे.

दुसरी गोष्ट पाथ अ‍ॅनालिसिसची, म्हणजे कुठला गुण उत्पादनावर थेट किती परिणाम करतो या हिशेबाची. घाट्यांची संख्या आणि हार्वेस्ट इंडेक्स (झाडाच्या एकूण वजनातला दाण्यांचा वाटा) यांचा उत्पादनावर थेट परिणाम सर्वात मोठा, असे तुमच्या प्रबंधात येणार. मी तक्ता न बघता सांगतो. घाटे, घाट्यातले दाणे आणि दाण्याचे वजन यांचा गुणाकार म्हणजेच उत्पादन, आणि हार्वेस्ट इंडेक्सच्या अंशस्थानी उत्पादनच बसलेले. गणितानेच बांधलेली नाती शोधून काढण्यात जीवशास्त्र काही नाही. फुलोऱ्याचे दिवस, मरीचे प्रमाण, शेवटच्या टप्प्यात झाडावर किती हिरवी पाने उरली, हे उत्पादनाशी जोडून बघा. तिथे निघालेला आकडा काही शिकवेल.

मग संकर कुठले करायचे? एक पालक नेहमी आपल्या भागात मुरलेला घ्या: विजय, दिग्विजय, जाकी ९२१८, यांच्यापैकी. दुसरा त्याच्याकडे नसलेली नेमकी एक गोष्ट देणारा. उशिरा पेरणीत उष्णता सोसण्यासाठी जेजी १४, यंत्राने काढण्यासाठी उभट वाढणारा आणि खालचा घाटा जमिनीपासून वर धरणारा फुले विक्रम. काढणीला मजूर मिळत नाहीत, आणि आंबेने हात चरचरतात म्हणून मिळालेले टिकत नाहीत. त्यामुळे झाडाची ठेवण हा आता नुसता दिसण्याचा प्रश्न राहिलेला नाही. रानटी रेटिक्युलॅटम वापरायचे असेल तर एक संकर पुरत नाही, पुन्हा चांगल्या वाणाशी जोडावाच लागतो. पुसा ११०३ तसाच झाला: पुसा २५६ आणि रेटिक्युलॅटमचा संकर, त्याला पुसा ३६२ ची जोड. एम.एस्सी.च्या मुदतीत हे बसत नाही, पीएच.डी.साठी ठेवा.

प्रत्यक्ष क्रॉसिंग कटकटीचे आहे, आधीच सांगून ठेवतो. फूल उमलण्याच्या आदल्या दिवशीच कळीत पराग सुटलेले असतात. त्यामुळे पाकळी निदलांतून जेमतेम डोकावणारी कळी धरावी लागते. बारीक चिमट्याने नावेसारखी पाकळी फाडायची, दहाच्या दहा परागकोष काढायचे, कुक्षीला धक्का लावायचा नाही. मग पित्याच्या उमलू लागलेल्या फुलातला पिवळा पराग लावून टॅग बांधायचा. बऱ्याच कळ्या गळतात. जो घाटा धरतो त्यात एक दाणा मिळाला तरी समाधान मानायचे. उन्हाचा चटका बसायच्या आत काम उरका. थंडी सरत आली की घाटे धरण्याचे प्रमाण झपाट्याने घसरते. पांढऱ्या फुलाची काबुली आई आणि गुलाबी फुलाचा देशी पिता घेतला तर पुढच्या वर्षी एक सोय होते: गुलाबी रंग प्रभावी असल्याने पांढरे फुलले ते झाड स्वपरागाचे, सरळ उपटून टाकायचे. देशी-देशी संकरात ही सोय नाही. तिथे मार्कर लावा किंवा दाणा-पानाच्या खुणांवर नजर ठेवा.

एफ-२ मध्ये उत्पादनाला हात लावू नका. फुलोरा, झाडाची ठेवण, दाणा, एवढ्यावर निवड, आणि बियाण्याचा एक भाग सिक प्लॉटमध्ये. पुढे एफ-४, एफ-५ पर्यंत एका झाडाचा एक दाणा घेत जा. लांब उजेडाच्या खोलीत वर्षाला अनेक पिढ्या घेण्याची सोय आता काही संस्थांत आहे. मिळाली तर दोन-तीन वर्षे वाचतात. उत्पादन मोजायचे ते वंश स्थिर झाल्यावर, पूर्ण प्लॉटमध्ये, कोरडवाहू आणि ओलीत अशा दोन्ही ठिकाणी, आणि शेजारी विजय किंवा जाकी ९२१८ चेक, म्हणजे तुलनेचा वाण, म्हणून. चेकला हरवले तरच अखिल भारतीय समन्वित प्रकल्पाच्या चाचण्यांना पाठवण्यात अर्थ. तिथे मध्य विभागात पुढे पुन्हा काही वर्षे जातात.

आता राज्याची सरासरी. यातले बरेच पैदासकाराच्या हातात नाही. उशिरा पेरणी, पाण्याची सोय नसलेले क्षेत्र, घरचेच जुने बियाणे. पण वाण पसरण्याचा वेग मात्र पिकाच्या स्वभावातच मंद आहे, आणि तो कुणी लक्षात घेत नाही. हेक्टरी ७५ किलो पेरून १५ क्विंटल आले तर बियाणे वीस पट झाले. कृपासारख्या वाणात ते बारा पटच होते. ब्रीडर, म्हणजे पैदासकाराच्या मूळ, बियाण्यापासून शेतकऱ्याच्या प्रमाणित बियाण्यापर्यंत प्रत्येक टप्प्याला एकेक हंगाम जातो, आणि मधे एखादा हंगाम अवकाळीने भिजला की साखळी तुटते. १९९३-९४ चा विजय आजही शेतात दिसतो, त्यात त्याच्या गुणांचा वाटा आहेच आणि नव्या वाणाचे बियाणे वेळेवर न मिळण्याचाही.

तुमच्या हातात एक रब्बी शिल्लक असेल तर हे करा: त्याच ४० पैकी दहा-बारा नमुने निवडा, लवकर येणारे आणि उशिराचे दोन्ही घेऊन. अर्धा प्रयोग फक्त जमिनीच्या ओलीवर, अर्धा दोन पाण्यांवर, प्रत्येकी तीन रेप्लिकेशन. जमिनीच्या दोन खोलींवरचा ओलावा दर पंधरवड्याला मोजा. मार्गदर्शक म्हणतील नमुने कमी झाले; त्यांना दोन्ही भागांतला वाणांचा क्रम शेजारी शेजारी लिहून दाखवा.